एकच संघ, तीन शैली : नाच बसवताना सुरुवात कुठून करता?

ठेका_सोलापूर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. गणपतीतल्या मंडळांच्या स्पर्धा, मग युवा महोत्सव, मग गॅदरिंगं. आमच्याकडे संघ एकच, पोरं-पोरी त्याच. त्यांनी एकदा लोकनृत्य करायचं, पुढच्या महिन्यात हिप-हॉप, आणि मध्येच कुणीतरी ‘थीम डान्स’ मागतं. धागा काढायचं कारण म्हणजे स्पर्धा बघताना निम्मे संघ सगळ्या शैली एकाच अंगाने नाचताना दिसतात. नऊवारी नेसली की लावणी, टोपी उलटी केली की हिप-हॉप, काळे कपडे घालून लोळलं की कंटेम्पररी. आतलं अंग मात्र तेच, लग्नाच्या संगीतातलं.

माझं मत असं की शैली स्टेपमध्ये नसते. अंगाचं वजन कुठे ठेवलंय आणि ताल कुठे उचललाय, यात ती असते. त्यामुळे नवीन शैली हातात घेतली की मी आधी स्टेप देतच नाही, नुसतं चालायला लावतो. हलगीवर चाला. ढोलकीवर चाला. मग इंग्रजी बीट लावून चाला.

यातली सगळ्यात मोठी अडचण सांगतो. आपल्या पोरांना मिरवणुकीत नाचायची सवय, म्हणून त्यांचा ताल वर उडतो. ठोका पडला की टाच सुटते. हिप-हॉपमध्ये बरोबर उलटं, ठोका पडला की गुडघ्यातून खाली बसायचं. हे एवढं एक जमलं नाही तर वरच्या हातांच्या कितीही भारी स्टेप द्या, ते विसर्जनच दिसतं. लावणीत आणखी वेगळं. तिथे तळवा पूर्ण पडला पाहिजे, चाळ बोलले पाहिजेत, आणि खाली पाय तोडून नाचत असताना वर मान आणि डोळे निवांत असले पाहिजेत. भरतनाट्यम शिकलेली मुलगी संघात असली की तिचे गुडघे आपोआप बाहेर वळतात. अरमंडी, म्हणजे गुडघे बाहेर वळवून घेतलेली अर्धी बैठक, अंगात मुरलेली असते, लावणीत ती लगेच ओळखू येते.

तुम्ही कुठून सुरुवात करता? गाण्यापासून, स्टेपपासून, की फॉर्मेशनपासून?

---

आठ_काउंट

मी वहीपासून. वजन-बिजन ठीक आहे सर, पण परीक्षक पहिल्या काही सेकंदांत फॉर्मेशन बघतो आणि मत बनवून टाकतो.

आधी गाण्याचा वेग मोजायचा. १२० बीपीएमचं, म्हणजे मिनिटाला १२० ठोक्यांचं गाणं असेल तर मिनिटाला १५ आठ (आठ ठोक्यांचा एक ‘आठ’). चार मिनिटांचा ट्रॅक असेल तर ६० आठ. वहीत ६० ओळी आखायच्या, गाण्यात कुठे काय बदलतं ते समोर लिहायचं, मग त्यात माणसं बसवायची. ९६ बीपीएमला तेच चार मिनिटांत ४८ आठ होतात. हे गणित न करता बसवलं की शेवटच्या मिनिटाला स्टेप संपतात आणि मग पोरं गोल फिरतात.

दुसरं म्हणजे सगळ्यांनी एकच स्टेप एकाच वेळी करायची, हा मोह आवरा. चार आठ एकसाथ, मग दोन आठ एकामागून एक. पहिल्याने सुरू केलं, दुसऱ्याने दोन काउंट उशिरा, तिसऱ्याने चार. तीच साधी स्टेप एकदम महाग दिसते. मागच्या ओळीतला प्रत्येक जण पुढच्या दोघांच्या मधल्या फटीत उभा पाहिजे. हे सगळ्यांना माहीत असतं, स्टेजवर गेल्यावर कुणी पाळत नाही.

युवा महोत्सवाचे नियमही बघून ठेवा. भारतीय विश्वविद्यालय संघाच्या नियमांनुसार लोकनृत्यात जास्तीत जास्त १० नर्तक आणि ५ साथीदार, वेळ १० मिनिटांपर्यंत, आणि विषयाची टिपण लेखी द्यावी लागते. परीक्षण ताल, रचना, भाव, वेशभूषा, रंगभूषा आणि एकूण परिणाम यांवर. ‘रचना’ हा शब्द त्यात लिहिलेला आहे. वजन कुठे लिहिलेलं नाही :)

---

कडक_भाकरी

वहीत ६० ओळी? नाच बसवालाव का वाण्याची उधारी मांडालाव ओ? 😄

सोलापूरचं लेझीम बगा मिरवणुकीत. शे-दीडशे पोरं, दोन रांगा, मधे हलगी. वही कुणाच्या बापानं काढली नाही. पुढचा शिट्टी मारतोय, लेझीम वर करून खूण करतोय, मागचे बदलतेत. तरीबी एकाचा हात मागं-पुढं होत नाही. कारण लेझीम वाजतंय! चुकलं की आवाज फुटतोय, शेजारच्याला लगेच कळतंय. लेझीमच तुमचा परीक्षक हाय.

---

ठेका_सोलापूर

@कडक_भाकरी, हसलो, पण मुद्दा पक्का आहे. लेझीमला आरसा लागत नाही, कान पुरतो. म्हणून मी हिप-हॉपच्या पोरांनासुद्धा आधी लेझीम देतो. शाळेत शिकलेलं ‘चार आवाज’, ‘एक जगह’, ‘दोरुख’, एवढंच. उघडताना एक आवाज, मिटताना एक. दहा जणांचा मिळून एकच ‘छन्’ आला की समजायचं संघ तयार झाला. ‘छर्र’ असा पसरट आला की कुणीतरी अर्धा ठोका खातंय. त्याचा शोध डोळ्यांनी घेऊ नका. पाठ करून उभे राहा आणि ऐका, कोपरा बरोबर सापडतो.

पण रस्त्यावरचं लेझीम उचलून जसंच्या तसं हुतात्मा स्मृती मंदिर नाट्यगृहाच्या स्टेजवर ठेवलं तर ते मरतं. रस्त्यावर बघणारा दोन्ही बाजूंना उभा असतो आणि नाच त्याच्या समोरून सरकत जातो. स्टेजवर बघणारा एकाच दिशेला बसलेला, आणि नाच जागच्या जागी. रांगा तशाच ठेवल्या तर पहिले चौघे दिसतात, बाकी लेझीम नुसतं ऐकू येतं. तिथे रांग तिरकी करावी लागते, बैठक घेऊन उंचीत फरक आणावा लागतो.

गजीनृत्याला हीच अडचण दुप्पट. आपल्याच जिल्ह्यातलं सांगोला-मंगळवेढा पट्ट्यातलं बघितलंय ना? मधे ढोल आणि कैताळ (मोठ्या झांजा), भोवती रिंगण, हातात रुमाल, सगळ्यांची तोंडं आत. माळावर ते बरोबर आहे, कारण नाच ढोलासाठी आहे, बघणाऱ्यासाठी नाही. स्टेजवर मात्र निम्म्या वेळी निम्म्यांची पाठ. आम्ही ढोलवाले मधून काढून मागच्या कोपऱ्यात नेले आणि रिंगणाची चंद्रकोर केली. दिसायला लागलं खरं, पण पोरांचा जोर गेला. मग ढोल मागे मध्यावर ठेवला आणि रिंगण पूर्णच ठेवलं. फिरणं मात्र असं बांधलं की रुमाल उडवायची जागा येईल तेव्हा प्रत्येक जण फिरत फिरत पुढच्या बाजूला आलेला असेल. पाठ दिसते तेव्हा फक्त पाय चालतात. तेवढं चालतं.

---

चाळ

लावणीबद्दल लिहिते, कारण समूहलावणी हा प्रकार पाहून मला दर वर्षी त्रास होतो.

लावणीचा जीव अदाकारीत. ती एका बाईने समोरच्याला काहीतरी सांगणं आहे. आता दहा जणींनी एकाच काउंटला एकच डोळा मारला, एकाच काउंटला पदर ओढला, तर ती शृंगाराची कवायत होते. प्रेक्षक शिट्ट्या मारतात, ती गोष्ट वेगळी.

माझी पद्धत : पाय एकत्र, चेहरे वेगळे. ढोलकीच्या तुकड्यावर सगळ्यांची पावलं एक, तिथे तडजोड नाही. पण शब्द सुरू झाले की ओळ एकीची. बाकीच्या ऐकतात, चिडवतात, एकमेकींकडे बघतात. प्रत्येकीला तिचं पात्र द्या. एक थट्टेखोर, एक लाजरी, एक सगळ्यांची मोठी ताई. दोन-तीन तालमींत त्या स्वतःच असं काही करायला लागतात जे तुम्हाला सुचलं नसतं.

आणि कृपा करून शिवलेली नऊवारी तालमीतच नेसवून बघा. ड्रेपरीवाल्याकडची आदल्या संध्याकाळी येते, काष्टा आखूड असतो, आणि पोरीला बैठकच मारता येत नाही. दोन चाळ बांधून नाचणं आणि नुसत्या पायाने नाचणं यात दमाचाही फरक पडतो. चाळ पहिल्या दिवसापासून बांधा, शेजारचे ओरडले तरी.

---

आठ_काउंट

पाय एकत्र, चेहरे वेगळे. हे वहीत लिहून घेतलं चाळताई.

---

पूर्वभाग

मी अशोक चौकाकडचा, घरात तेलुगू. एक प्रश्न बरेच दिवस मनात आहे. सोलापुरात समुद्र नाही, होडी नाही, तरी लोकनृत्य म्हटलं की जो तो कोळीनृत्य बसवतो. यूट्यूबवर तयार मिळतं म्हणूनच ना?

आमच्या पूर्व भागात नवरात्रात बतुकम्मा असते. मधे फुलांचे थर रचलेली बतुकम्मा, भोवती बायका, टाळी आणि वाकणं, प्रत्येक ओळीला ‘उय्यालो’. माझ्या बहिणीला, आईला, आजीला ते शिकवावं लागत नाही. इथल्या संघांत निम्म्या पोरी पद्मशाली, म्हणजे तेलुगू विणकर घरातल्या आहेत, त्यांना वल्हं मारायला शिकवण्यापेक्षा हे बसवा की. परीक्षकांनाही काहीतरी नवीन बघायला मिळेल.

---

आठ_काउंट

कल्पना छान, पण दहा मिनिटं टाळ्या आणि गोल? स्पर्धेच्या दृष्टीने चढ कुठे आणणार?

---

पूर्वभाग

चढ तिच्यातच आहे. सुरुवात एका टाळीने आणि संथ. मग दोन टाळ्या, मग दोन रिंगणं, आतलं एका दिशेने, बाहेरचं उलट. फुलं ओंजळीत घेऊन येण्यापासून सुरू करा आणि विसर्जनाला नेण्यापर्यंत जा, गोष्टच तयार आहे. फक्त ती डोक्यावर घेऊन पळू नका, सात थर सांडले की आमच्या आज्या स्टेजवर येतील.

---

तिस्र

शास्त्रीय शिकवते, त्यामुळे जरा मास्तरीण वाटेन. दोन गोष्टी.

एक, सगळं आठात मोजायची सवय सोडा. गोंधळाचा संबळ बहुतेक वेळा सहाच्या अंगाने चालतो. त्यावर ‘फाइव्ह सिक्स सेव्हन एट’ म्हणून पोरांना सोडलं की दुसऱ्याच आवर्तनात पाय एकीकडे, संबळ दुसरीकडे. मी स्वतः एका स्पर्धेत परीक्षक होते, तिथे एक संघ पूर्ण गोंधळ आठात नाचला. पोत छान, मळवट छान, दिवटी धरायची पद्धत छान, आणि ताल संपूर्ण वेगळ्या गावाचा. बोलून शिकवा. एक-दोन-तीन, चार-पाच-सहा, जोर एकवर आणि चारवर. पोरं लगेच पकडतात, कारण ऐकलेलं असतं. तुळजापूर काय लांब आहे का आपल्याला?

दोन, शेवट. बहुतेक नाच संपत नाहीत, थांबतात. गाणं फेड आउट होतं आणि सगळे पोझ घेऊन धापा टाकत उभे. त्याऐवजी तिहाई घ्या. तोच तुकडा तीनदा, आणि तिसऱ्याचं शेवटचं अक्षर समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर. सोपं गणित सांगते : पाच मात्रांचा तुकडा, एक मात्रा दम, पुन्हा पाच, एक दम, पुन्हा पाच. झाल्या १७. तीनतालाच्या समेपासून उचललंत की १६ मात्रा भरून सतरावी पुढच्या समेवर येते. हलगीवाल्याला एकदा हाताने वाजवून दाखवा, तो तुमच्यापेक्षा चांगला वाजवेल. लेझीमचा शेवट असा बांधला की टाळीसाठी वाट बघावी लागत नाही.

---

कडक_भाकरी

म्याडम, हलगीवाल्याला कथक शिकवालाव, आता हलगीवाला आम्हाला शिव्या देणार. पण १७चं गणित टेबलावर वाजवून बगितलं. बसतंय की बरोबर! ऑफिसातले बगायलेत माझ्याकडं.

---

बॅकस्पिन

हिप-हॉपवर कुणी काही लिहीत नाहीये म्हणून मीच.

‘हिप-हॉप’ ही एक शैली नाही, हे आधी संघाला सांगा. लॉकिंग लॉस एंजेलिसकडचं, साधारण १९७०च्या सुमाराचं, डॉन कॅम्पबेलचं. पॉपिंग कॅलिफोर्नियातल्याच फ्रेस्नोच्या बूगालू सॅमपासून. ब्रेकिंग न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समधलं, २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ते खेळ म्हणून आलं. तिघांचं अंग वेगळं. पॉपिंगमध्ये स्नायू झटक्यात आवळून सोडायचा. लॉकिंगमध्ये हालचाल मोठी, मोकळी, हसरी आणि मग एकदम कुलूप. ब्रेकिंगमध्ये जमिनीवर जायच्या आधी उभ्याने टॉपरॉक, मग जमिनीवरचं फूटवर्क, मग फ्रीझ म्हणजे एका पोझमध्ये गोठणं. आपल्याकडे टॉपरॉक गाळून थेट जमिनीवर उडी मारतात. गाण्याची आलापी सोडून तान घेतल्यासारखं वाटतं.

स्पर्धेच्या पातळीवर विचार करणाऱ्यांसाठी : हिप हॉप इंटरनॅशनलमध्ये क्रू ५ ते ९ जणांचा, मेगाक्रू ४० जणांपर्यंतचा. नऊ जणांचा नाच आणि तीस जणांचा नाच बसवायची पद्धत वेगळीच आहे. नऊ जणांत प्रत्येकाचं मनगट दिसतं. तीस जणांत मनगट कुणी बघत नाही, गर्दी कशी फुटते आणि कशी जुळते ते बघतात. तिथे आठ_काउंट यांची वही लागतेच. मुंबईच्या ‘द किंग्स’नी २०१९मध्ये अमेरिकेतली ‘वर्ल्ड ऑफ डान्स’ ही टीव्ही स्पर्धा जिंकली, त्यांचे नाच आवाज बंद करून बघा. हवेत उडालेला माणूस सगळ्यांना दिसतो, खाली त्याला झेलायला चौघे किती आधीपासून सरकत आलेत ते बघा. खरी कोरिओग्राफी तिथे आहे.

आणि एक कळकळीची विनंती. शहाबादी फरशीवर पॉवरमूव्ह, म्हणजे हातावर-खांद्यावर अंग गरगर फिरवायच्या स्टेप, शिकवू नका. पोरं हौसेने करतात, मनगटं आणि खांदे जातात. कुस्तीच्या तालमीतल्या मॅट मिळत असतील तर बघा, कुस्तीच्या गावात मॅट मिळायला हरकत नाही. उचलाउचलीच्या स्टेपना खाली दोन जण जास्तीचे ठेवा.

---

ठेका_सोलापूर

@बॅकस्पिन, आवाज बंद करून बघायची युक्ती आवडली. उलटंही करतो मी. तालमीचं रेकॉर्डिंग डोळे मिटून ऐकायचं, पावलांचा आवाज एक आहे का.

आता थीम डान्सबद्दल विचारतो, कारण आमचं तिथेच अडलंय. विषय गड्ड्याच्या, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या यात्रेचा घ्यायचा आहे. पांढऱ्या बाराबंद्या, नंदीध्वज, अडुसष्ट लिंगांना घातलेली प्रदक्षिणा. यात्रेआधी संध्याकाळी नंदीध्वजाचा सराव चालतो तो मुद्दाम पाहिला. उंच काठी कमरेशी तोलून चालणाऱ्याचं पाऊल बघण्यासारखं असतं. तो पाय उचलतच नाही जवळजवळ, जमीन चाचपत सरकतो, आणि नजर सतत वर. भोवतीचे चार जण त्याच्याकडे न बघता काठीच्या टोकाकडे बघतात. माझ्या दृष्टीने अख्खा नाच त्या चालण्यात आहे. प्रश्न असा की काठी स्टेजवर आणायची का?

---

चाळ

आणू नका. श्रद्धेची वस्तू आहे. आणि थर्माकोलची काठी घेऊन जड असल्याचा अभिनय केला तर सोलापुरातल्या पहिल्या रांगेला दोन सेकंदांत कळेल.

---

पूर्वभाग

मला नाही पटत. आदराने आणली तर काय बिघडलं? मंडळांचे देखावे करतातच की.

---

तिस्र

काठी नसतानाच जास्त चांगलं दिसेल. पाच जणांची नजर एकाच जागी वर, आणि मधल्याच्या कमरेत वजन. प्रेक्षकाला काठी दिसते. अभिनयाच्या तासाला आम्ही रिकाम्या हातांनी घागर उचलायला लावतो. आधी खरी भरलेली उचलून यायची, मग रिकामी. तुमच्या मुलांना आधी खरोखर जड बांबू तोलून चालायला लावा, मग तो काढून घ्या.

---

ठेका_सोलापूर

ठरलं. काठी नाही, बाराबंदी आणि चालणं. @पूर्वभाग राग मानू नका, गटातल्या एका मुलाचं घर यात्रेच्या मानाचं आहे, त्याच्या वडिलांचंही तेच म्हणणं पडलं.

---

फळा_खडू

मी मोहोळ तालुक्यात शाळेवर शिक्षिका आहे. तुम्ही सगळे फार वरचं बोलताय. माझ्याकडे चौथी ते सातवीची २४ मुलं, स्टेज म्हणजे दोन ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या जोडून. केंद्रस्तरीय स्पर्धेसाठी काहीतरी सोपं सांगा. सगळ्या पालकांना आपलं मूल पुढे दिसायला हवं असतं, हा वेगळाच ताप.

---

आठ_काउंट

ताई, २४ना एकदम चढवू नका. आठ-आठचे तीन गट करा. दोन ट्रॉल्यांवर आठ जण नाचतात, बाकीचे खाली दोन्ही बाजूंना बसून टाळ्या-झांजा. गट बदलताना खालच्यांनी वर येणं हाच नाचाचा भाग करा. प्रत्येक मूल एकदा तरी पुढे येतं आणि पालकही गप्प होतात. स्टेप तीनच ठेवा, जागा बदला. विषय वारीचा घेतलात तर पावली आणि फुगडी मुलांना येतेच.

---

कडक_भाकरी

ट्रॉलीच्या मधल्या फटीवर फळी टाका आदी. पाय अडकतोय पोरांचा. बाकी सगळं नंतर.

---

फळा_खडू

फळीचं खरंच डोक्यात नव्हतं. धन्यवाद दादा. झांजा आहेत शाळेत, लेझीम मात्र निम्म्यांच्या चकत्या पडल्यात.

---

कडक_भाकरी

तारेनं ओवून घ्या, सायकलवाला करून देतोय. पण सगळ्यांत सारख्याच चकत्या ठेवा. एकात दहा, एकात पाच असल्या की आवाज कवाच एक येणार नाही, आन् मग ठेका सर पाठ करून ऐकत बसतेत कोण चुकालाय म्हणून.

---

ठेका_सोलापूर

😄 मान्य. @फळा_खडू, गाणं पेनड्राइव्हवर नेणार असाल तर त्यात ते एकच गाणं ठेवा, दुसरं काही नको, आणि तीच फाइल मोबाइलवरही असू द्या. साउंडवाल्यापाशी तुमचा एक माणूस उभा करा, ज्याला पहिला ठोका कधी पडतो ते पाठ आहे. मुलं जागेवर उभी राहिली की त्याने हात वर करायचा, तोपर्यंत साउंडवाल्याने बटण दाबायचं नाही.